तात्यांच्या तलवारीतलं धुकं

तात्यांच्या घरी तलवार बघायला जायचं म्हणजे आधी तोंडात विड्याचं पान धरावं लागे. खायचं नाही, नुसतं धरायचं. देठ एका बाजूला, टोक दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ओठ घट्ट मिटलेले. तोंडची वाफ पात्यावर गेली की पातं आजारी पडतं, असं तात्यांचं म्हणणं. आता आमच्या विटा गावात माणसाच्या ओठांत पान द्यायचं आणि चावू नको म्हणायचं, हे कसं जमावं? निम्मी माणसं तलवार म्यानातून निघायच्या आत पान चावून मोकळी होत आणि वर चुना मागत. तात्या कपाळावर हात मारून घेत. "तलवार बघाय आलायसा का जेवून उठलायसा?" असं म्हणून नवं पान काढून देत. आमच्या शाळेचे हेडमास्तर एकदा तीन पानं खाऊन, तलवार न बघताच घरी गेले.

मी तात्यांचा शेजारी. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, त्यामुळे सुटका नव्हती. मला तलवारीतलं ओ का ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण तात्यांना दाखवायला कुणीतरी लागे. सकाळी मी दाढीला बसलो की भिंतीपलीकडून हाक यायचीच, "मास्तर, या की! आज लय झ्याक दिसतंया!" मी तोंडाला साबण तसाच ठेवून जायचो. अशा वेळी पानाची माफी मिळे, कारण साबणाने तोंड आपोआपच मिटलेलं असे.

तात्या मूळचे गलाईवाले. जुनं सोनं गाळून चोख करून द्यायचं हा आमच्याकडच्या कित्येक घरांचा धंदा. तात्यांची उमेदीची वर्षं कलकत्त्यात भट्टीपुढे गेली. तिथं जपान्यांचे बाँब पडायला लागल्यावर दुकान आवरून ते आणि त्यांची बायको अक्का गावी परतले. येताना कसोटीचा दगड तेवढा बरोबर आणला आणि एक सवय आणली. समोर काहीही आलं तरी ते खरं की खोटं हे ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तूप, औषध, शेजारणीचं दुखणं, कशातूनच त्यांनी कुणाला सोडलं नाही. आणि ठरलं की तोंडावर सांगायचं. "भट्टीफुडं उमर गेली माझी. खोट्याला खरं म्हनायला जीभ वळत न्हाई," असं ते म्हणत. माझ्या लग्नातली अंगठी त्यांनी माझ्या सासऱ्यांदेखत दगडावर घासून बघितली होती. पुढचं सांगत नाही.

मग लढाई संपली. ब्रह्मदेशातून पोरं घरी यायला लागली. कुणी घोंगडी आणली, कुणी घड्याळ आणलं आणि बऱ्याच जणांनी जपानी तलवारी आणल्या. पहिली आली ती तात्यांच्या पुतण्याची. तात्यांनी ती हातात घेतली, दगडावर घासली, जिभेने चाटली आणि मुठीतली बांबूची खुंटी ठोकून मूठ बाहेर काढली. मुठीच्या आत पात्याची जी शेपटी असते तिच्यावर काळा गंज बसला होता आणि गंजात काही अक्षरं कोरलेली होती. गंज बघून सोन्याच्या माणसाचा जीव कासावीस झाला. त्यांनी चिंचेचा कोळ आणि राख घेतली आणि दोन दिवस घासून शेपटी अक्कांच्या तांब्यासारखी लख्ख केली.

ती लखलखीत तलवार घेऊन ते सांगलीला गेले. तिथं पलटणीतून निवृत्त झालेले एक डॉक्टर राहत. त्यांच्याकडे अशीच एक जुनी तलवार होती आणि त्या विषयावरचं एक इंग्रजी पुस्तक होतं. डॉक्टरांनी मूठ काढली, शेपटी बघितली आणि डोक्याला हात लावला. म्हणाले, "अहो, हा गंज म्हणजे तलवारीचं वय. आणि ही अक्षरं म्हणजे घडवणाऱ्याचं नाव. तुम्ही दोन्ही धुऊन टाकलंत."

तात्या परत आले ते चार दिवस जेवले नाहीत. "एका मानसाचं नाव पुसलं मी, मास्तर," एवढंच म्हणायचे. "कुठल्या मुलखातला मानूस, किती वरसं झाली आसतील, पाक धुवून टाकलं." मी म्हटलं, अहो, चिंच काय तुमच्या एकट्याच्या घरात आहे का, कुणीही हेच केलं असतं. पण ते खरंच रडवेले झाले होते.

डॉक्टरांनी मात्र त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली होती आणि तिनेच पुढची दोन-तीन वर्षं आमच्या आळीला वेड लावलं. खऱ्या जुन्या पात्याच्या धारेशी एक पांढुरका पट्टा असतो. तलवार खिडकीशी नेऊन कलती धरली की तो पट्टा हळूहळू उमटतो. कडा धरून नाही, विरत विरत. डॉक्टर तलवार बघताना तोंडात रेशमी रुमाल धरत, त्याचं तात्यांनी विड्याचं पान केलं. आणि त्या पट्ट्याचं नाव ठेवलं धुकं.

झालं! तात्यांना दुसरं काही सुचेना. आसपासच्या गावांतून तलवारी तपासायला यायच्या आणि तात्या प्रत्येकीला खिडकीत न्यायचे. "धुकं हाय का? न्हाई. कारखान्यातली. फुडं." जो जमादार गावभर मिशीला पीळ देत फिरलेला असे तो पडक्या तोंडाने परत जाई. त्याहून वाईट म्हणजे मोटारीचा पाटा. मोटारीखाली कमानीत जे पोलादी पाटे असतात ते तासून कुणीतरी तिकडच्या बाजारात तलवारी म्हणून शिपायांना खपवले होते. तात्या मूठ काढायचे, शेपटीवर ते मधल्या बोल्टाचं मोठं भोक दिसायचं, आणि तात्या शांतपणे सांगायचे, "ही तलवार नव्हं गड्या. ही मोटार हाय." धार तेजाबाने पांढरी केलेली असे, पण तेजाबात जन्म काढलेल्या माणसाला फसवणार कसं? त्यांना ते नुसत्या वासानेच कळे. तात्यांचं वचन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्यावर माणसं चिडत, पण तलवार आणत त्यांच्याचकडे.

त्यांची स्वतःची खरी तलवार एकच होती. फलटणच्या बाजूला एक शेतकरी तिने कडबा तोडत होता. मूठ नाही, म्यान नाही, शेपटीला सुतळी गुंडाळलेली. तात्या रस्त्याने चालले होते. उन्हात पातं वर गेलं आणि तात्या बांधावरून थेट कडब्यात घुसले. दोन नवे कोयते आणि स्वतःची छत्री देऊन त्यांनी ती सोडवून आणली. ती छत्री मी दिलेली होती, पण ते असो.

त्या तलवारीत धुकं होतं. मलासुद्धा दिसलं, म्हणजे बघा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी, तोंडाला साबण, खिडकीत कोवळं ऊन आणि तात्या माझा हात धरून पातं किंचित कलतं करतायत. आधी नुसतं पोलाद होतं. मग भल्या सकाळी नदीवर पसरतं तसं काहीतरी धारेच्या कडेकडेने सरकायला लागलं. त्यात मध्येच बारीक ठिपके चमकले. किती वेळ गेला कळलं नाही. साबण वाळून गाल ओढायला लागले तेव्हा मी भानावर आलो. तात्या तर माझ्याआधीच कुठंतरी निघून गेले होते. "मास्तर," ते पुटपुटले, "ह्येच्यात एक गाव आसंल बगा. धुकं सरलं की दिसंल." रोज सकाळी तासभर ते त्या गावाची वाट बघत बसायचे. अक्का चहा ठेवून जायच्या आणि गार झालेला परत न्यायच्या.

एका नवरात्रात घाटाखालच्या वाडीतली एक म्हातारी आली. सोनाबाई तिचं नाव. फडक्यात गुंडाळलेली तलवार तिने पोटाशी धरली होती. तिचा मुलगा मारुती पलटणीत लांगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. लढाई संपल्यावर परत येताना तापाने दवाखान्यातच गेला. घरी आली ती त्याची पेटी आणि पेटीत ही तलवार.

"आमच्या वाडीत खंडेनवमीला समद्या फौजी घरांची हत्यारं द्येवळात पूजेला मांडत्यात," ती म्हणाली. "माजी ठिऊ द्येत न्हाईत. म्हनत्यात, लांगऱ्याला कुठली आलीया तलवार, भाकऱ्या थापनारं प्वार. सुभेदार म्हनला, तात्यांनी खरी म्हनलं तर म्होरं मांडू, न्हाईतर लव्हाराकडं दे, इळा हुईल." मग थांबून म्हणाली, "मला तलवार घिऊन काय करायचंय, तात्या? पर माज्या पोराचं त्येवढं नाव हुईल."

तात्यांनी तिला पान दिलं नाही. स्वतःच्याही तोंडात धरायचं विसरले. तलवार खिडकीत नेली, वास घेतला. मग मूठ काढली, आणि मला ते भोक दिसलं. चांगलं बोट जाईल एवढं. तात्यांनी पटकन त्याच्यावर अंगठा ठेवला.

"आवं, खरी हाय न्हवं?" म्हातारीने विचारलं.

मी तात्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ही मोटार आहे, हे शब्द आता येणार. तात्यांनी मूठ हळूच परत चढवली.

"दोन दिस ठेवा माझ्याकडं," ते शेवटी म्हणाले. "सोमवारच्या बाजाराला या. सांगतो."

त्या दोन दिवसांत भिंतीपलीकडून सारखा कानशीचा खरखराट येत होता. सकाळची हाक काही आली नाही. सोमवारी म्हातारी आली तेव्हा मी मुद्दाम उंबऱ्यापर्यंत जाऊन उभा राहिलो. तात्यांनी म्यानातली तलवार दोन्ही हातांनी तिच्या ओटीत घातली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "आई, खरी हाय. लय खरी. सुभेदाराला म्हनावं, उपसून बग."

म्हातारीने तात्यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि गेली.

मला आधी बरं वाटलं आणि मग राग आला. खोटंच सांगायचं होतं तर माझ्या अंगठीला काय झालं होतं? आणि तो सुभेदार काय दूधखुळा होता? उपसल्यावर म्हातारीची वाडीभर शोभा होणार, हे या शहाण्याला कळू नये? मी दोन दिवस त्यांच्याकडे फिरकलो नाही.

खंडेनवमीला मात्र अक्कांनी प्रसादाला बोलावलं. गेलो. पाटावर तात्यांची हत्यारं मांडली होती, अडकित्ता, चिमटे, कसोटीचा दगड आणि मधोमध सुतळी गुंडाळलेली तलवार. झेंडूची माळ घातलेली. मी उगाच हात जोडले आणि माझी नजर पात्यावर थांबली. ऊन चांगलं सरळ पडलं होतं, पण धारेशी काही हलत नव्हतं. मी सुतळी जरा बाजूला सारली. खाली बोल्टाचं भोक.

"तात्या, हा तर पाटा!"

"व्हय," तात्या म्हणाले. "मोटारीचाच."

"आणि आपली?"

"ती वाडीच्या द्येवळात. त्या मुठीत बसंना लवकर. आतनं मूठ कोरली, नवी खुंटी केली, म्यानात फडकं घातलं. सुभेदारानं उपसली म्हनं, आन् तसाच ताठ उभा ऱ्हायला. सगळ्यांच्या म्होरं मांडलीया." त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला. "तुमी रागावलायसा, ठावं हाय मला. पर मी खोटं न्हाई बोललो, मास्तर. आदी खरी केली, मग खरी म्हनलं."

मी म्हटलं, "तात्या, तुमच्याकडे एकच होती हो."

"तिच्याकडं बी एकच हुतं की," तात्या म्हणाले.

त्यानंतर चार-आठ दिवस भिंतीपलीकडे सामसूम होती. मला दाढी करायला करमेना. एका सकाळी हाक नसतानाच मी तोंडाला साबण लावून गेलो. तात्या खिडकीत बसले होते, तो पाटा मांडीवर घेऊन. पानाचा डबा कोपऱ्यात बंद पडला होता. मी पाठीमागे उभा आहे हे त्यांना कळलं असावं, पण त्यांनी वळून बघितलं नाही.

"ह्यो बी खराच हाय म्हना," ते म्हणाले. "पोरगं दोन वेळ दुसऱ्यांला रांधून घालत हुतं आन् आईसाठनं ह्यो घिऊन येत हुतं. ह्याला खोटा कसा म्हनू?"

मग त्यांनी तो पाटा उन्हात कलता धरला, तोंड अगदी जवळ नेलं आणि हळूच श्वास सोडला. काळ्या पोलादावर पांढरी वाफ धरली, धारेच्या कडेकडेने पसरली आणि विरायला लागली.

"दिसलं का, मास्तर?"

"दिसलं," मी म्हणालो.