याकोबअण्णांची माइकवरची वर्गणी

याकोबअण्णांच्या कानात कुणी काही सांगितलं, की ते तेच वाक्य जसंच्या तसं मोठ्या आवाजात म्हणून दाखवत. चेष्टा म्हणून नव्हे. आपण नीट ऐकलं का, याची खात्री करून घ्यायची त्यांची ती पद्धत. एका लग्नात शेजारच्या पाहुण्याने त्यांच्या कानाला लागून सांगितलं, की नवरदेवाचे केस खरे नाहीत. "नवरदेवाचे केस खरे न्हाईत म्हणता?" अण्णांनी विचारलं. मंगलाष्टकं नुकतीच संपून वाजंत्री सुरू व्हायची होती, त्या मधल्या शांततेत ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. गंमत म्हणजे पुढे त्या नवरदेवाची आणि अण्णांची चांगली दोस्ती झाली. लपवायचं काही उरलं नाही म्हणून त्याने टोप काढून ठेवला, आणि उन्हाळ्यात डोक्याला वारा लागतो म्हणून तो अण्णांचे आभार मानायचा.

नेवाशात बाजारपेठेच्या टोकाला अण्णांची लाकडाची वखार होती. करवत दिवसभर चालायची आणि तिच्यावरून आवाज काढून बोलण्यात अण्णांचा जन्म गेला होता. उंच, काटकुळे, भुवयांवर कायम भुसा. "आमी करवतीजवळची माणसं," ते म्हणत, "हळू बोलायची सोयच न्हाई." चर्चमध्ये पाळकसाहेबांनी एकदा त्यांना सुचवलं होतं, की प्रार्थना मनातल्या मनात केली तरी पोचते. अण्णांनी ते पटलं म्हणून सांगितलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा मोठ्यानेच सुरू केलं.

माझी त्यांची ओळख मलमामुळे झाली. माझं माहेर राजूरचं. लग्न होऊन नेवाशाला आले. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि मी औषधशास्त्र शिकलेली, म्हणून बाजारात एक छोटं मेडिकल टाकलं. नव्वदच्या दशकातली शेवटची निवडणूक तोंडावर आली होती. अण्णांच्या बोटात लाकडाच्या बारीक कुसा सारख्या जायच्या, त्यासाठी ते मलम न्यायला यायचे. तसेच एका सकाळी ते काउंटरपाशी उभे असताना नाना आला. हा नाना एका उमेदवाराचा कार्यकर्ता. पांढरेशुभ्र कपडे, बोलणं अगदी गोड. तो काउंटरवर वाकला आणि साहेबांनी आठवण काढली आहे असं म्हणाला. मग वर्गणीचा आकडा सांगितला. तेवढं माझं दुकानच चालत नव्हतं. शेवटी आणखी हळू आवाजात तो म्हणाला, की दुकानांचे परवाने तपासणारे अधिकारी आपल्याच ओळखीतले आहेत, काळजी नसावी.

 अण्णांनी मलमाची डबी खिशात टाकली आणि नानाकडे वळले.

"परवाने तपासणारे साहेब तुमच्या वळखीचे हायेत, म्हणून बाईंनी वर्गणी द्यायची, असं म्हणता का तुमी?"

रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा पिणारे लोक वळून बघायला लागले. नाना हसला, पुन्हा येतो म्हणाला आणि गेला. अण्णांनी मला धीरबिर काही दिला नाही. एवढंच विचारलं, की तुझ्या शेजाऱ्यांकडून किती घेतात हे तुला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. "त्यांनाबी तुझं माहीत न्हाई," ते म्हणाले. "म्हणून तर घेता येतंय."

त्यानंतर अण्णा एकेका दुकानात जाऊन बसू लागले. खतवाला, कापडवाला, भांड्यांचं दुकान, सायकलमार्ट. वर्गणीला त्यांचा विरोध नव्हता. निवडणुकीला पैसा लागतो, जीपगाड्या काही पाण्यावर चालत नाहीत, हे ते मान्य करत. त्यांचं म्हणणं एवढंच, की लग्नात आहेर माइकवर पुकारतात, कुणी किती घातला ते सगळ्या गावाला कळतं, तर मग पुढाऱ्याला दिलेला आहेर का पुकारू नये? देणारा चोर नाही, घेणारा चोर नाही, मग आवाज खाली का? व्यापारी ऐकून घेत, चहा पाजत आणि अण्णा गेल्यावर एकमेकांकडे बघून हसत. पण हसता हसता एकमेकांना आकडेही विचारायला लागले.

मग अण्णांनी वखारीतच बैठक बोलावली. कुणाच्या तरी घराच्या चौकटी त्याच दिवशी द्यायच्या होत्या, म्हणून करवत बंद ठेवता येत नव्हती. आता ज्यांना आयुष्यभर या विषयावर कुजबुजायची सवय, ते सगळे सागाच्या ओंडक्यांवर बसून ओरडत होते. व्यापारी संघाचे अध्यक्ष मोतीशेठ, किराण्याचे ठोक व्यापारी, जैन, भारी सावध माणूस. तुमच्या सोबत आहे, फक्त माझं नाव कुठे घेऊ नका, हे त्यांना अण्णांना खासगीत सांगायचं होतं. दोनदा सांगितलं, ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा ते जीव खाऊन ओरडले आणि नेमकी त्याच वेळी ओंडका संपून करवत थांबली. "माझं नाव घेऊ नका" हे मोतीशेठांच्या आवाजात पार एसटी स्टँडपर्यंत गेलं. सगळे हसले. मोतीशेठही हसले आणि म्हणाले, आता घ्या नाव.

ठरलं ते असं. बाजाराच्या दिवशी चौकात टेबल टाकायचं. सगळ्या पक्षांच्या माणसांना तिथे बोलवायचं. ज्याला द्यायचं आहे त्याने चेकने द्यावं आणि कुणाला, किती, कशासाठी ते माइकवर सांगावं. आणि सगळ्यांच्या सह्यांचं एक निवेदन नगरला कलेक्टर कचेरीत नेऊन द्यायचं, की कोणत्या पक्षाने निवडणुकीसाठी कुणाकडून पैसा घेतला, हे लोकांना सांगायचा कायदा व्हावा.

बाजाराच्या दिवशी टेबल आलं, माइक आला, पक्षांची माणसंही आली, कारण दुसऱ्या पक्षाचा माणूस आला हे प्रत्येकाला दिसत होतं. फक्त व्यापारी आपापल्या दुकानातून हलेनात. अण्णांनीच सुरुवात केली. एका उमेदवाराचं नाव घेऊन त्यांनी सांगितलं, की याने आमच्या गल्लीत नळ आणला म्हणून मी याला देतो, याच्याकडून मला दुसरं काही नको. चेक दिला, टाळ्या वाजल्या. पण दुसरं कुणी पुढे येईना. अण्णा माझ्याकडे बघत होते असं नाही, ते माइकची वायर सारखी करत होते. पण मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात घेतला.

"मी कुणालाच काही देणार नाही," मी म्हटलं. "माझं दुकान नवीन आहे. मत मात्र देईन."

भाजी विकणाऱ्या बायकांनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. नाना समोरच उभा होता, त्याला मान डोलवावी लागली. त्यानंतर एकेक जण येऊ लागला. कुणी दिलं, कुणी नाही म्हणालं. मोतीशेठ सर्वांत शेवटी आले. मी दर वेळी सगळ्या पक्षांना सारखं देतो, कारण मला सगळ्यांची सारखीच भीती वाटते, असं त्यांनी माइकवर सांगितलं, आणि सगळा बाजार हसला. पण या वेळी एकालाच देणार, असं म्हणून त्यांनी एकच चेक लिहिला. माइक ठेवून वळले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती.

त्याच आठवड्यात वखारीवर सरकारी गाडी आली. लाकूड आणायच्या सरकारी पासांची तपासणी करायची म्हणून करवतीला सील लागलं. पास सगळे बरोबर होते, पण ते बरोबर आहेत असं लिहून द्यायला कुणी मोकळं नव्हतं. बाजार एकदम गप्प झाला. करवत बंद असल्यामुळे ते जास्तच जाणवत होतं. अण्णा रोज सकाळी माझ्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसत. मी त्यांना म्हटलं, की निवेदन आता राहू द्या, तुमचं नुकसान होतंय. ते म्हणाले, सही केलेला कागद घरात ठेवला तर त्याला वाळवी लागते, लाकडाचं आपल्याला माहीत आहे.

नगरला जायच्या सकाळी स्टँडवर अण्णा, मी आणि सायकलमार्टवाले एवढेच होतो. एसटी लागली, आम्ही चढणार, तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मोतीशेठांचा मालाचा टेम्पो. मागे साखरेच्या रिकाम्या गोण्या अंथरलेल्या आणि त्यांवर जवळजवळ सगळी बाजारपेठ बसलेली. मोतीशेठ पुढे बसले होते. उशीर झाला, गोण्या झटकत होतो, एवढंच म्हणाले.

कचेरीत साहेब भला माणूस निघाला. त्याने निवेदन सबंध वाचलं आणि ते वर पाठवतो म्हणाला. आम्ही उठणार, तर मोतीशेठ खुर्चीतून हलेनात. अण्णांकडे बोट करून त्यांनी साहेबांना सांगितलं, की या माणसाची करवत का बंद आहे ते विचारा. समोर करवत किंवा माइक नसताना एवढ्या मोठ्याने बोलताना त्यांना मी कधीच ऐकलं नव्हतं. दाराबाहेरचा शिपाई आत डोकावला. साहेबांनी फोन उचलला.

दिवाळीच्या आधी सील निघालं. कायदा काही आला नाही, निवेदन कुठल्या कपाटात गेलं देव जाणे. पण आमच्या बाजारात काउंटरवर वाकून बोलायची पद्धत त्या निवडणुकीपासून मोडली. नाना पुढेही वर्गणीला यायचा, पण फुटपाथवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं मागायचा, आणि नाही म्हटलं तर गोळ्या घेऊन जायचा. त्याला ॲसिडिटी होती.

त्या वर्षी नाताळच्या दुपारी हे आणि मी अण्णांना शुभेच्छा द्यायला लाडू घेऊन गेलो. वखारीच्या मागे त्यांचं घर होतं. तिथे आम्ही कधी गेलो नव्हतो. अलीकडे कुणीच गेलं नसावं. दारावर कागदी चांदणी लावलेली. आत मोठ्या खोलीत नव्या फळ्या मांडून लांबच लांब पंगतीची सोय केलेली, दोन्ही बाजूंनी पत्रावळी. चुलीवर मटणाचं पातेलं, भाताची परात झाकलेली. अण्णा पांढऱ्या सदऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

पाहुणे कधी येणार, मी विचारलं. अण्णा काहीतरी बोलले ते मला ऐकूच आलं नाही. मी जवळ जाऊन पुन्हा विचारलं.

"कुणाला सांगितलंच न्हाई," ते म्हणाले. "घरवाली मार्था हुती तवा करायची ती सगळ्यांसाठी. ती गेल्यापास्नं घरात पंगत न्हाई. औंदा वाटलं, करावं. सकाळी बाजारात गेल्तो सांगायला. सगळ्यांना नमस्कार घालून तसाच परत आलो."

"का पण?"

"मागाय गेलं की मानसाला न्हाई म्हणता येत न्हाई, पोरी. तसं कुणी यायला नको."

ह्यांनी लाडवांचा डबा खाली ठेवला, चपला घातल्या आणि बाजाराकडे निघाले. मी चुलीपाशी गेले. कोपऱ्यात एक कोरं करकरीत पातेलं वेगळं ठेवलं होतं, धुतलेल्या फडक्याने झाकलेलं. मी फडकं उचललं. साधं वरण होतं. हे कुणासाठी, मी विचारलं.

"मोतीशेठ," अण्णा म्हणाले. "कांदालसूण न्हाई घातला. भांडंबी नवं हाय. आले असते तर, म्हणून."

बाहेर माणसांचा आवाज यायला लागला. मोतीशेठ पुढेच होते. दारात थबकून त्यांनी सगळी खोली बघितली, पातेलं बघितलं, मग चपला काढून आत आले आणि पंगतीतल्या पहिल्या पत्रावळीवर बसले. अण्णा वाढायला उठले.  मोतीशेठांनी एका हाताने वाटी धरली, दुसऱ्या हाताने अण्णांचं मनगट धरलं आणि वरण वाढून होईपर्यंत सोडलं नाही.