उद्घाटनापूर्वीची पोटरी

कुमासीजवळच्या आमच्या रुग्णालयात, पायाच्या खोल शिरांतली रक्ताची गुठळी शोधणारं सोनोग्राफीचं यंत्र आलं आणि प्रथेप्रमाणे कुलपात गेलं. उद्घाटनाआधी त्याला हात लावणाऱ्यावर कारवाई होईल, असं परिपत्रक रुग्णालयाचे प्रमुख डॉ. अदोमाको यांनी काढलं. खालची स्वतःची सही त्यांना फार आवडली.

पाहुणे ठरवायला त्यांनी राजधानीच्या, अक्राच्या, खेपा सुरू केल्या. मंत्री मोकळे असले की आमचे राजे, नाना, कुणाच्या तरी अंत्यविधीला गेलेले. नाना सापडले की मंत्री परदेशात. गाडीत बसून बसून डॉक्टरांची डावी पोटरी सुजली, गरम झाली, ठणकू लागली. ही लक्षणं ते वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवत होते. त्यामुळे स्वतःच्या बाबतीत त्यांनी मुका मार असं निदान केलं.

सोनोग्राफी करणारी अराबा त्यांच्या मागेच लागली. "सर, झोपा. शीर दाबून बघते. चपटी झाली तर ठीक, नाही तर आत गुठळी. ती फुफ्फुसात गेली, की नानांना तुमच्याच अंत्यविधीला यावं लागेल."

"फीत कापलेली नाही, अराबा."

"फीत दाराला आहे, तुमच्या पायाला नाही."

"परिपत्रक माझं आहे. मीच मोडू?"

डॉक्टर मरणाला मनापासून घाबरत होते. परिपत्रकाला त्याहून जास्त.

एकदाचा दिवस ठरला. नानांसमोर पायावर पाय टाकायचा नाही आणि नानांआधी उठायचं नाही, म्हणून मंत्री येईपर्यंत सगळं गाव सकाळपासून प्लास्टिकच्या खुर्च्यांना चिकटलेलं होतं. त्या गावाला डॉक्टरांनी 'सलग बसण्याचे धोके' यावर भलं लांब भाषण ऐकवलं.

फीत कापली गेली. मंत्र्यांना काही वाईट दिसू नये म्हणून प्रात्यक्षिकाला एक धडधाकट शिक्षक नेमला होता. त्याच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, तो उठेना. अराबाने सरळ डॉक्टरांचा दंड धरून त्यांनाच खाटेवर आडवं केलं आणि मांडीपासून शीर दाबत खाली आली. गुडघ्यामागे शीर चपटी होईना.

"गुठळी आहे," ती म्हणाली.

नाना चारचौघांत स्वतः बोलत नाहीत; ते आपल्या प्रवक्त्याच्या कानाशी लागले. प्रवक्ता उभा राहिला. "यंत्र चालतं, असं नाना म्हणतात."

टाळ्या थांबेनात. त्या गोंगाटातच अराबाने नर्सला रक्त पातळ करणारं इंजेक्शन आणायला सांगितलं. नर्स हलली नाही.

"ते नव्या औषधालयात आहे. त्याचं उद्घाटन व्हायचंय. सरांचं परिपत्रक आहे."

सगळ्यांनी खाटेकडे पाहिलं. 'उघडा' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. डॉक्टरांनी मान उचलली आणि मंत्र्यांकडे वळून अदबीने विचारलं, "साहेब, पुढच्या महिन्यातली एखादी तारीख मिळेल का?"

औषधालयाचं दार समोरच होतं, नुसती कडी घातलेलं. कुणीही जाऊन ती काढू शकलं असतं. तुम्ही काढली असती, असं तुम्हाला वाटतंय. आमच्यात बसला असता, तर तुम्हीही शेजाऱ्याला हळूच एवढंच म्हणाला असता, की तारीख जरा लवकरची मिळायला हवी.