आईच्या मुठीचं माप

"आज ही बरणी उघडली नाही ना, तर माझं सगळं मुसळ केरात!" डिझायनर सकाळपासून पाचव्यांदा बायकोला म्हणाला.

सहा महिने तो झाकणं उघडायचं एक साधन घडवत होता. कारण आई. सांधेदुखीने तिचे अंगठे वाकडे झाले होते. डबा नाहीतर बरणी घेऊन ती दिवसभर घरात सगळ्यांच्या मागे फिरायची. "एवढं उघडून दे ना रे." सगळे "आलोच हं" म्हणायचे आणि कोणी जागचं हलायचं नाही. आता भांड्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाई स्वतः साधन बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर दहा हजार नग!

बाई आल्या आणि खुर्चीच्या टोकावर टेकल्या. "हं, दाखवा."

डिझायनरने मधाची बरणी काढली. तीन वर्षांत ती कोणाच्या बापाला उघडली नव्हती. आईने साधन झाकणावर बसवलं, मनगट जरासं फिरवलं, आणि टक्!

"उघडलं! अगं बाई, उघडलं की!" आई चक्क ओरडली. सुनेने टाळ्या पिटल्या. बाई ताडकन उठल्या. "कमाल आहे हो! लावा परत, मी करून बघते."

आईने त्याच साधनाने झाकण असं काही आवळलं की विचारू नका. बाईंनी जोर लावला. "अहो, हे बोचतंय!" सून पुढे सरसावली, तर तिचं बोट चिमटलं.

"आणा इकडे, तुम्हाला धरताच येत नाही," म्हणत डिझायनरने अंगठ्याच्या खाचेत स्वतःचा अंगठा दाबला. तो आत गेला, पण बाहेर येईना. साबण झाला, तेल झालं. अंगठा लालभडक!

"माप कोणाच्या हाताचं घेतलंत?" बाईंनी विचारलं.

"आईच्या. मातीच्या गोळ्यात तिची मूठ दाबून..."

"आणखी कोणाच्या?"

आता बोला! सहा महिने, चाळीस नमुने, आणि हात एकच.

"अरे, माझ्यासारखा वाकडा कर ना अंगठा," आई म्हणाली. त्याने केला आणि तो सुटला. पण बाईंनी तोवर पर्स उचलली होती. डिझायनरचा चेहरा पडला. बाई दारापर्यंत गेल्या, घुटमळल्या आणि पर्समधून क्रीमची एक डबी काढून म्हणाल्या, "आजी, महिना झाला, ही उघडत नाहीये. एवढी..."

टक्!

बाईंनी डबी निरखून पाहिली. "उद्या कारखान्यात या," त्या डिझायनरला म्हणाल्या. "माती भरपूर आणा. दोनशे बायका कामाला आहेत, सगळ्यांच्या मुठी घ्या. हा एक नमुना मात्र आजींकडेच राहू द्या."

बाई गेल्या. आई साधन मांडीवर घेऊन खुर्चीत ऐसपैस बसली. तेवढ्यात आतून सुनेचा आवाज आला, "आई, कॉफीची बरणी तेवढी उघडून देता का?"

"आलेच हं," आई म्हणाली आणि जागची हलली नाही.