हिरव्या मुठीचा पाइप

या, असे पुढं सरका. मागच्या बाकावरून ही गोष्ट नीट ऐकू यायची नाही, आणि हिच्यात हसायच्या जागा थोड्या आहेत. त्या हुकल्या तर हाती नुसता अंधार राहील. गोष्ट क्लिओफस टार्व्हरची, त्याच्या घरगाडीची, आणि त्या गाडीच्या पोटात काय असावं हे ठरवण्यात गेलेल्या तीन वर्षांची.

क्लिओफस आमच्या स्वीट स्प्रिंग चर्चचा डीकन. पाद्रीबाबांच्या खालोखाल मान, आणि पाद्रीबाबांहून जास्त मतं. एकतीस वर्षं त्यानं जॉर्जियाच्या लाल मातीत शाळेची पिवळी बस चालवली. पोर चुकलं नाही की थांबा हुकला नाही. त्यामुळं गाडीच्या बाबतीत देवानंसुद्धा आपल्याला विचारून पुढचं करावं, असं त्याला मनातून वाटे.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी शिकागोहून त्याच्या मेहुणीचा फोन आला. ही व्हर्नेल, त्याच्या बायकोची, ओडेसाची, थोरली बहीण. ओडेसा पाळण्यात असताना एकोणिसाव्या वर्षी बापाशी भांडून ती उत्तरेला निघून गेली, ती गेलीच. बाप वारला, आली नाही. आई वारली, फुलं आली. आता पंच्याऐंशीव्या वर्षी म्हणाली, "बाळे, मला एकदा घरी यायचंय. माहेरच्या रविवारी."

माहेरचा रविवार म्हणजे ऑगस्टातला दुसरा. गाव सोडून गेलेली सगळी लेकरं त्या दिवशी चर्चमध्ये परत येतात, गातात, तळलेली कोंबडी खातात आणि कोण कोण उरलंय ते मोजतात.

ओडेसानं लगेच हो म्हटलं. पण आणायचं कसं? विमानाचं नाव काढलं की व्हर्नेल म्हणे, "देवानं माणसाला पंख दिले नाहीत, त्यात त्याचा काहीतरी विचार असणार." गुडघे असे की तासाभरावर बसवत नाही, आणि बाथरूम तर हाताशीच हवं. क्लिओफसनं फोन हातात घेतला.

"मिस व्हर्नेल, मी येतो न्यायला. घरगाडी घेऊन. आत पलंग, मोरी, चूल, सगळं. राणीसारख्या झोपून या."

"कधी?"

"गाडी घेतली की निघालोच!"

झालं. गाडी घ्यायची ठरली, पण गॅसची की डिझेलची? आमच्याकडं पेट्रोलला सगळे गॅस म्हणतात. गॅसच्या घरगाडीचं इंजिन पुढं, नवराबायकोच्या गुडघ्यांमध्ये. ती घर ओढते. डिझेलचं मागं, पलंगाच्या खाली. ती घर ढकलते. ओढणारी स्वस्त, पण चढावर किंचाळते. ढकलणारी शांत, पण आजारी पडली की कुणालाही तिचं औषध ठाऊक नसतं.

चर्चमध्ये दोन तट पडले. ब्रदर बायनम गॅसवाला. तो म्हणाला, "डिझेलचं इंजिन गेलं तर दुरुस्तीसाठी घर विकावं लागतं. आणि डीकन, घर तर तेच!"

"ब्रदर बायनम, एकतीस वर्षं डिझेल चालवलंय मी."

"बसमध्ये तुम्ही झोपत नव्हता."

"मागची पोरं झोपायची. एकानं तक्रार केली नाही."

ओडेसाचं म्हणणं साधं होतं, "मिस्टर टार्व्हर, गॅस घ्या. कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो." चारचौघांत आणि प्रेमात ती नवऱ्याला 'तुम्ही' म्हणे. 'तू' आणि 'क्लिओफस' हे शब्द तिनं संकटकाळासाठी कपाटात वर ठेवले होते.

क्लिओफसनं वही केली. डाव्या पानावर गॅस, उजव्या पानावर डिझेल. शनिवारी गाड्यांच्या बाजारात जायचं, बूट काढून प्रत्येक गाडीतल्या पलंगावर आडवं व्हायचं, नळ सोडायचा, बंद करायचा आणि वही भरून घरी यायचं. पहिला ऑगस्ट असा गेला. दुसऱ्या वर्षी गॅसची एक गाडी जवळजवळ ठरली, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, डोंगरात तिचा आवाज भूत लागल्यासारखा येतो. दुसरा ऑगस्टही गेला.

दर रविवारी संध्याकाळी शिकागोहून फोन यायचा. "निघालात का?"

आणि दर रविवारी सकाळी चर्चच्या पायरीवर, सगळे गेल्यावर, एक माणूस हातात टोपी धरून हेच विचारायचा. एफ्रम लाइल. उंच, वाळलेला, जन्मभर एकटा राहिलेला. बसच्या आगारात क्लिओफसबरोबर वर्षानुवर्षं कामाला होता. काय काम करायचा ते कुणी फारसं विचारलं नव्हतं. "डीकन, निघालात का?"

एकदा क्लिओफस वैतागून म्हणाला, "एफ्रम, तूच सांग. गॅस की डिझेल?"

एफ्रमनं हातातली टोपी फिरवली. "जी सुरू होते ती."

"ही काय निवड झाली?"

"वय झालं, डीकन. निघा."

"कुणाचं वय झालं?"

एफ्रमनं टोपी डोक्यावर ठेवली आणि तो पायऱ्या उतरून गेला.

क्लिओफस घरी येऊन म्हणाला, "तुझी बहीण आणि तो एफ्रम, दोघं एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलतात."

"शिकलेच असतील," ओडेसा कणीक मळत म्हणाली. "गावात आपल्या काळ्या लोकांची शाळाच एक होती."

त्या जानेवारीत एफ्रम गेला. चर्चनं पुरलं. क्लिओफस त्या दिवशी अलाबामात डिझेलची एक गाडी बघायला गेला होता. ती त्याला पटली नाही.

तिसऱ्या जुलैत व्हर्नेल फोनवर म्हणाली, "बाळे, पांढरा झगा इस्त्री करून ठेवलाय. माहेरच्या रविवारी घालीन, नाहीतर शवपेटीत मला तो घालतील. दोन्हीकडं शोभेल." ओडेसानं फोन ठेवला, स्वयंपाकघरात आली, डाव्याउजव्या पानांची ती वही उचलली आणि कचऱ्यात टाकली.

"क्लिओफस," ती म्हणाली, "तू शनिवारपर्यंत गाडी आणली नाहीस तर मी चालत जाईन."

'तू' ऐकल्यावर क्लिओफसनं शुक्रवारीच आणली. जुनी, तपकिरी पट्ट्यांची, डिझेलची. माहेरच्या रविवारच्या आधीच्या बुधवारी दोघं निघाली. ओडेसाच्या मांडीवर बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी, आणि क्लिओफसच्या ओठांवर उपदेश.

"एक लक्षात ठेव. पाइपाला हिरवी मूठ म्हणजे डिझेल. काळी मूठ म्हणजे गॅस. सगळ्या देशात, सगळ्या पंपांवर. डोळे मिटून भरावं."

"डोळे कशाला मिटायचे?"

"बोलायची पद्धत असते, ओडेसा."

गुरुवारी केंटकीत ते एका पंपावर उतरले. आता झालं असं, की या कंपनीला हिरव्या रंगाचं भारी वेड. छप्पर हिरवं, खांब हिरवे, आतल्या पोरीची टोपी हिरवी, आणि गॅसची मूठही हिरवी. डिझेलचा पाइप बिचारा पिवळी मूठ घेऊन कोपऱ्यात उभा.

ओडेसानं खिडकीतून डोकं काढलं. "मिस्टर टार्व्हर, त्याच्यावर काहीतरी लिहिलंय."

"हिरवा आहे."

"चष्मा लावून बघा."

"एकतीस वर्षं, ओडेसा!" त्यानं पाइप टाकीत घातला. "बघ, लोण्यात सुरी जावी तसा गेला."

सहज गेला, कारण गॅसचा पाइप बारीक असतो. क्लिओफसनं टाकी गळ्यापर्यंत भरली आणि वर दोन थेंबही झटकून आत टाकले.

आठ मैलांवर चढ लागला. मागून, पलंगाच्या खालून, गाडी खोकली. मग म्हाताऱ्या माणसासारखी थांबून थांबून खोकली. मग एक उसासा टाकून रस्त्याच्या कडेला गप्प झाली. ओडेसा समोर बघत राहिली. खोक्यातली कोंबडीची एक तंगडी काढून तिनं ती शांतपणे खाल्ली. नवऱ्याला विचारलं नाही.

गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकानं त्यांना एका गॅरेजात सोडलं. तिथला मेकॅनिक टाकीचं झाकण उघडून वास घेतो न घेतो तोच मागं सरकला.

"काका, गाडी डिझेलची ना?"

"हो."

"आत गॅस आहे."

"मूठ हिरवी होती."

"त्यांचं सगळंच हिरवं असतं. हिरव्या मुठीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलंही असतं." त्यानं हात पुसले. "पहिल्यांदाच डिझेलची गाडी चालवताय का?"

"पहिल्यांदा?" क्लिओफसची छाती पुन्हा वर आली. "एकतीस वर्षं बस चालवलीय मी! डिझेलची!"

"मग भरायचं कोण?"

क्लिओफसनं टाकीच्या उघड्या झाकणाकडं बघितलं.

पहाटे पाचला तो आगारात जायचा तेव्हा बस उभी असायची. काच पुसलेली. टाकी भरलेली. थंडीच्या दिवसांत तर इंजिनही गरम करून ठेवलेलं. दिव्याखाली एक उंच माणूस पाइप गुंडाळत असायचा. क्लिओफस त्याला मान हलवून आत चढायचा. टाकीचं झाकण त्यानं एकतीस वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं. ते कुठल्या बाजूला असतं हेसुद्धा त्याला सांगता आलं नसतं.

"एफ्रम," तो म्हणाला.

"मग त्यालाच फोन करून विचारायचं होतं की," मेकॅनिक म्हणाला. "टाकी रिकामी करायची, पाइप धुवायचे, फिल्टर मागवायचा. मंगळवारच्या आत होत नाही."

ओडेसानं कपाटातला वरचा शब्द काढला. "तू कर फोन, क्लिओफस. ताईला तू सांग."

त्यानं शिकागोला फोन लावला. तिकडून नेहमीचाच प्रश्न आला. "निघालात का?"

"निघालो, मिस व्हर्नेल. पण पोचत नाही."

 मग "बरं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्यानंतर शुक्रवारी, शनिवारी तिचा फोन कुणी उचललाच नाही, आणि ओडेसा दर तासाला नंबर दाबत राहिली.

रविवार उजाडला. गॅरेजच्या आवारात, तेलाच्या डागांवर घरगाडी उभी. आत नवराबायको चर्चचे कपडे घालून जेवणाच्या टेबलाशी बसलेली. मधे फोन. ब्रदर बायनमनं आपला फोन चर्चच्या पहिल्या बाकावर ठेवला होता, त्यातून सगळं ऐकू येत होतं.

पाद्रीबाबांनी प्रवचनाला घेतल्या त्या बायबलातल्या दहा कुमारी. दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघणाऱ्या. पाचजणींनी तेल बरोबर घेतलं होतं, पाचजणींनी नाही. पाद्रीबाबा आधी नुसते बोलतात. मग त्यांचा श्वास तापतो, शब्द लांबतात, पेटीवाला हळूच सूर धरतो आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

"दिवा होता का?" ते गायले.

"होता!" अख्खं चर्च.

"वात होती का?"

"होती!"

"मग तेल होतं का, माझ्या बाळांनो, तेल होतं का?"

"सांगा, पाद्रीबाबा, सांगा!"

"चुकीचं होतं," ओडेसा फोनकडं बघत म्हणाली. क्लिओफसनं मान खाली घातली. असं प्रवचन त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. प्रत्येक ओळ पत्ता लिहून पाठवल्यासारखी येत होती.

गाणं शांत झालं. मग पाद्रीबाबांचा साधा आवाज आला, "आज आपल्यात एक बहीण एकोणसत्तर वर्षांनी आलीय. पहाटेच्या बसनं. एकटी."

ओडेसा उभीच राहिली. काठीचा ठोका ऐकू आला, मग दुसरा, मग तिसरा, मग एक बारीक, खणखणीत आवाज.

"मी व्हर्नेल. माझ्या बहिणीचा नवरा मला न्यायला निघालाय. अजून पोचला नाही." चर्च हसलं. "तीन वर्षं गाडीत काय घालायचं यावर वाद चाललाय त्यांचा. मी ज्या बसनं आले ती कशावर चालते ते मला ठाऊक नाही. वीस तास लागले. गुडघे मेले ते मेलेच, पण आले."

पुन्हा हसू. क्लिओफसही हसला, तीन दिवसांत पहिल्यांदा.

"मी कशाला आले ते सांगते," आवाज म्हणाला. "गेले तेव्हा एका माणसाला म्हटलं होतं, येते परत. तो म्हणाला, मी आहे इथंच. मला माझ्या तोंडानं त्याची माफी मागायचीय, फोनवर नाही. मघापासून बघतेय, माझी नजर आता पुरत नाही. कुणीतरी हात वर करून दाखवा मला. एफ्रम लाइल हल्ली कुठल्या बाकावर बसतो?"

 दोनशे माणसांचं चर्च, आणि फोनमधून नुसती पंख्यांची घरघर. क्लिओफसनं हात पुढं केला, फोन बंद करावा म्हणून की तिला काही सांगावं म्हणून, ते त्यालाही कळलं नाही. हात टेबलावर तसाच राहिला. ओडेसानं त्याच्यावर आपला हात ठेवला. ती 'तू' म्हणाली नाही, 'तुम्ही'ही म्हणाली नाही.

बुधवारी दोघं घरी पोचली. व्हर्नेल ओसरीवर पांढऱ्या झग्यात बसली होती. क्लिओफस खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं सबंध टेनेसीभर पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"हीच का ती?" व्हर्नेल गाडीकडं बघत म्हणाली.

"हीच."

"पलंग आहे?"

"आहे."

"मग दाखव निजून कसं जातात ते. तू म्हणाला होतास राणीसारखी, तर एफ्रमकडं तशीच जाईन."

दफनभूमी दीड मैलावर. क्लिओफसनं इतक्या सावकाश गाडी कधी चालवली नव्हती. मागं पलंगावर व्हर्नेल डोळे उघडे ठेवून आडवी, शेजारी ओडेसा. एफ्रमच्या थडग्यावर अजून दगडही बसला नव्हता; नाव लिहिलेली एक पत्र्याची पट्टी आणि गवत. व्हर्नेल बराच वेळ काठी टेकून उभी होती. ती काय बोलली ते क्लिओफसनं ऐकलं नाही. तो गाडीच्या मागं गेला होता आणि टाकीच्या झाकणावरची धूळ रुमालानं पुसत होता.

घरी येताना तिनं विचारलं, "क्लिओफस, वाईट गाडी नाहीय ही. गॅसची असती तर फरक पडला असता?"

"नाही, मिस व्हर्नेल."

"मग?"

"निघायला हवं होतं," तो म्हणाला.

व्हर्नेल परत शिकागोला गेली नाही. ओसरीच्या पायऱ्या तिला चढवेनात, म्हणून ती त्या घरगाडीतच राहिली, अंगणात, अक्रोडासारख्या पिकानच्या झाडाखाली, नोव्हेंबरपर्यंत. गाडी पुन्हा रस्त्यावर गेली नाही. उभ्या गाडीला काय, काहीही चालतं. झगा मात्र तोच होता, आणि तिनं म्हटलं तसा दोन्हीकडं शोभला. जागा तिनं आधीच सांगून ठेवली होती, पत्र्याच्या पट्टीच्या डाव्या हाताला.

क्लिओफस आता चर्चमध्ये कमी बोलतो. गॅस की डिझेल असं कुणी विचारलं तर टोपी डोक्यावर ठेवून पायऱ्या उतरतो. आणि तुम्ही, इतकं पुढं सरकून ऐकलंत म्हणून सांगतो: उद्या सकाळी किल्ली फिरवल्याबरोबर गाडी सुरू झाली, तर घाईत असलात तरी थोडं थांबा आणि एफ्रम लाइलची आठवण काढा. नाव घेतलं नाही तरी चालेल. त्याला कधी कुणी घेतलेलं ऐकायची सवयच नव्हती.