ढिल्या चापाचे उपकार

यश माणसाला एकट्याला पेलते. अपयशाला मात्र योग्य अवजारे लागतात. नाचता येत नसेल तर अंगण आधीच वाकडे पाहून घ्यावे, या दूरदृष्टीने नेमबाजी मंडळाने स्वस्तातल्या ठासणीच्या बंदुका घेतल्या होत्या. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, नेम धरायचा, चाप ओढायचा. चाप इतका ढिला, की बंदूक खुळखुळ्यासारखी वाजे. (तान्ही मुले असलेल्या सभासदांची त्यामुळे सोयच होती.) मंडळाच्या अहवालानुसार शेकडा नव्वद गोळ्या चापामुळे चुकत, उरलेल्या वाऱ्यामुळे. नेमबाजामुळे एकही नाही.

अशा या सुखी मंडळात एक दंतवैद्य दाखल झाले. हलणारी वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवत. दोन रोग्यांच्या मधल्या वेळात त्यांनी दवाखान्यातच बंदूक उघडली आणि चापाच्या दोन्ही बाजूंना पितळेच्या पातळ चकत्या बसवल्या. चाप अक्कलदाढेसारखा घट्ट झाला.

रविवारी त्यांनी ऐटीत नेम धरला. गोळी मागच्या मातीच्या ढिगात. दुसरीही तिथेच.

"चाप का?" अध्यक्षांनी आशेने विचारले.

"घट्ट आहे," दंतवैद्य पुटपुटले.

अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेतले. "डॉक्टर, तुमचं ठीक आहे हो. पण आमच्या घरी कळलं तर? इतकी वर्षं मी हिला चापच सांगत आलोय."

त्याच दुपारी चाप दुरुस्त करणे हा मंडळद्रोह ठरवण्यात आला. दंतवैद्यांनी चकत्या काढल्या, आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

पुढच्या खेपेला त्यांची बायकोही आली. बराच वेळ जांभया देऊन म्हणाली, "द्या बघू इकडे." तिने बंदूक खांद्याला लावली. गोळी थेट मधल्या ठिपक्यात. पुन्हा ठासून घेतली; पुन्हा तिथेच.

दंतवैद्यांना अभिमानाने हसावे की जमिनीत गडप व्हावे, कळेना. अध्यक्षांनीच त्यांना सोडवले.

"ढिल्या चापाचं हेच वाईट, वहिनी," ते कळवळून म्हणाले. "कधी कधी असंही होतं."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. दंतवैद्यांनी सर्वांत मोठा. दोन्ही गोळ्या 'अपघात' या सदरात गेल्या.

या सभासदांना हसणाऱ्या वाचकांनी आपले आयुष्य कोणामुळे फुकट गेले, ते मनातल्या मनात सांगून पाहावे. पहिले नाव स्वतःचेच आले, तर दिलगीर आहोत. मंडळात प्रवेश मिळणार नाही. बाकी सर्वांना सभासद करून घेतलेलेच आहे.