बिनठसक्याच्या मिरच्या

“मिरची काळी पडली म्हणून घाबरू नको, अन् दूध फाटलं म्हणून हळहळू नको. साल सोललं का मिरची गोड, अन् पाणी निथळलं का छेना गोड.”

पुष्पलताच्या कानात सकाळपासून बाबांचा हा आवाज घुमत होता. तिचे बाबा चैतराम नैनपूरला रेल्वेच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. भज्याच्या जाड्या मिरच्या निखाऱ्यावर काळ्याकुट्ट भाजायच्या, साल काढायचं आणि लिंबू पिळून फाडलेल्या दुधाचा ताजा छेना मीठ-कोथिंबीर घालून आत भरायचा, हा पदार्थ त्यांनी लेकीला लग्नाआधी शिकवला होता. बालाघाटला सासरी येऊन तिला दोन वर्षं झाली, पण इथे तो एकदाही झाला नाही. सासूबाई तुळसाबाईंच्या गोठ्यात कपिला गाय होती, आणि घरात हातानं दूध नासवलं की गाय आटते, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती.

पण आजची गोष्ट वेगळी होती. चौसष्ट सालच्या मार्गशीर्षातला तो गुरुवार. चार वाजता नणंदेला, कमलाला, पाहायला उकव्याहून पाहुणे यायचे होते. मुलगा टिकाराम खाणीत हजेरीबाबू. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत कमलानं त्याला एकदा लांबून पाहिलं होतं. तो गर्दीत वाकून वाकून कुण्या म्हातारीची हरवलेली चप्पल शोधत होता. तेवढ्यावर कमलानं मन पक्कं केलं, आणि ते फक्त वहिनीला सांगितलं. मध्यस्थानं मात्र एक धास्ती घालून ठेवली होती. मुलाची आई जिजाबाई आजवर बारा मुली पाहून आली होती, बाराही घरी तिनं पोहेच खाल्ले होते, आणि आता पोह्यांची बशी समोर आली की तिचं लक्ष मुलीवरून उडून थेट परतीच्या बसकडे जातं, असं त्याचं म्हणणं.

म्हणून सासूबाई वैनगंगेवर अंघोळीला आणि तिथून देवळात गेल्याबरोबर दोघी नणंद-भावजय कामाला लागल्या. गुरुवारचा नेम आटपून त्यांना परतायला दुपार व्हायची. कमलानं लिंबू पिळलं, दूध भराभर फाटलं, आणि पुष्पलतानं निखाऱ्यावर बारा मिरच्या आडव्या घातल्या. बारा पोह्यांना बारा मिरच्या, असं कमला हसून म्हणाली.

नेमक्या त्याच वेळी दारात तुळसाबाई. पाहुण्यांची बस आज लवकर येणार, असं त्यांना घाटावर कळलं होतं, म्हणून देवळाला बाहेरूनच हात जोडून त्या तशाच आल्या होत्या. त्यांनी चुलीकडे पाहिलं. मग पातेल्यात पाहिलं. मग सुनेच्या आणि लेकीच्या कोरड्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि मटकन पाटावर बसल्या.

“एवढ्या मिरच्या जळून राहिल्या, अन् कोणालेच ठसका नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “अन् दूधही नासलं. पोरीले दृष्ट लागली, पुष्पा. मोठी दृष्ट.”

विस्तवावर मिरच्या जळूनही ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. या मिरच्या मुळातच गोड आहेत, हे सांगायला पुष्पलतानं तोंड उघडलं. पण मिरच्यांचं सांगावं तर दुधाचंही सांगावं लागणार, आणि दूध आपण मुद्दाम फाडलं हे आजच्या दिवशी सांगायचा धीर तिला होईना.

हे नासलेलं दूध उकिरड्यावर टाक, असं बजावून तुळसाबाई कामाला लागल्या. पुष्पलतानं पातेलं मागच्या दारी नेलं, छेना फडक्यात बांधून खुंटीला टांगला आणि मिरच्या ताटाखाली झाकल्या. इकडे सासूबाईंनी मीठ-मोहरी घेतली, आणि दृष्ट मोठी म्हणून लाल मिरच्या ओंजळभर घेतल्या. कमलावरून सात वेळा उतरवून सगळं चुलीत टाकलं.

मग मात्र ठसका आला. कमलाला आला, पुष्पलताला आला, कुडापलीकडच्या लीलाबाईला आला, गोठ्यात कपिलेलाही आला. तुळसाबाई स्वतः खोकून खोकून बेजार झाल्या होत्या आणि त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता, कारण दृष्ट निघाली होती. रीतीप्रमाणे त्यांनी चुलीतले सगळे निखारे घमेल्यात भरले आणि तिवाट्यावर नेऊन ओतले. परत आल्या त्या पाहुण्यांना घेऊनच. मोतीलाल, म्हणजे पुष्पलताचा नवरा, बसस्टँडवरून त्यांना आणत होता.

पाहुणे ओसरीवर बसले. चूल थंडगार. चहासुद्धा होईना, म्हणून तुळसाबाई विस्तव मागायला लीलाबाईकडे पळाल्या. एवढ्यात मोतीलालनं बहिणीला बाहेर बोलावलं.

कमला आली ती लालबुंद नाक आणि गालांवरून वाहणारं पाणी घेऊन. जिजाबाई तिच्याकडे बघतच राहिली. धूर गेला डोळ्यांत, असं पुष्पलता घाईनं म्हणाली. जिजाबाईनं मान वळवून आत पाहिलं.

“चूल तं विझून आहे. धूर कोठून आला?”

अर्ध्या तासापूर्वी मुलीची दृष्ट काढली, हे मुलाच्या आईला कोण सांगणार? मोतीलाल छताकडे पाहू लागला. जिजाबाईनं कमलाला जवळ बसवलं आणि तिचा हात हातात घेतला.

“खरं सांग, पोरी. तुले पसंत नाही का? जबरदस्तीनं बसवलं का तुले?”

कमला नाही म्हणायला गेली आणि ठसक्यानं तिचा शब्दच गिळला. मान तेवढी हलली, आणि ती नेमकी कशाला हलली ते कुणालाच कळलं नाही. टिकाराम हातातल्या टोपीकडे पाहू लागला. रडणारी मुलगी मी घरात नेत नाही, असं म्हणून जिजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

पुष्पलतानं डोळे मिटले. देवा, हे जुळू दे, आजच्या आज सासूबाईंना सगळं खरं सांगते, असं ती मनात म्हणाली आणि आत पळाली. चार मिरच्यांची सालं सोलून छेना भरायला तिला कितीसा वेळ लागणार? आमच्या घरून उपाशी जायचं नाही, एवढंच म्हणत तिनं ताटली पुढे केली.

रीत म्हणून जिजाबाईनं एक घास घेतला. मग थांबली. मग परत बसली. दुसरी मिरची तिनं न विचारताच उचलली, आणि तिसरी लेकाच्या हातावर ठेवली.

“पोहे नाही,” ती अगदी मनापासून म्हणाली. “कोणं केलं हे?”

“छेन्याचं दूध मी फाडलं. मिरच्या वहिनीनं भाजल्या,” कमला म्हणाली. तिचा आवाज अजून बसलेलाच होता, पण शब्द आता सुटले होते. “अन् मी रडून नाही राहिली, मावशी. मले ठसका लागला होता. मले पसंत आहे. मंडईपासूनच पसंत आहे.”

मग टिकारामलाच असा ठसका लागला, की मोतीलालला पाणी आणायला धावावं लागलं.

“याच्या मिरचीत तं तिखट काहीच नाही,” जिजाबाई लेकाकडे बघत म्हणाली.

तुळसाबाई विस्तव घेऊन आल्या तेव्हा जिजाबाईनं त्यांना ‘विहीणबाई’ म्हणून हाक मारली, आणि त्या निखाऱ्यांची पळी हातात धरूनच खाली बसल्या. पुनवेला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं. पाहुणे चाळीस येतील, आणि पंगतीत हीच मिरची पाहिजे, अशी जिजाबाईची एकच अट. तुळसाबाईंना गुरुवारचा उपास, त्यांनी काही ती चाखली नव्हती. आत खोबरं असेल असं समजून त्या मोठ्या उत्साहानं म्हणाल्या, “हौ, करू ना. जितक्या म्हणसान तितक्या करू.”

संध्याकाळी पाहुण्यांची बस गेली. दूध कसं नासलं, मिरच्या कशा मुक्या झाल्या आणि आपण एका हातानं ती दृष्ट कशी काढली, हे तुळसाबाईंनी कुडावरून लीलाबाईला दोनदा सांगितलं आणि त्या धार काढायला गोठ्यात गेल्या.

“वहिनी, आज नको सांगू,” कमला कुजबुजली. “लग्न होऊन जाऊ दे.”

“चाळीस माणसांचं दूध फाडायचं आहे, कमला. पुनवेपर्यंत एवढी दृष्ट कोठून आणू?” पुष्पलता म्हणाली. “अन् मी देवाले आजच म्हटलं.”

तिनं हातपाय धुतले, देवाजवळ दिवा लावला, आणि डोक्यावरचा पदर नीट करून ती गोठ्याकडे निघाली. आतून बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता.