शेठची हनुवटी आणि तात्यांचा हात

माणसाचा खरा स्वभाव प्रवासात कळतो की वाटणीच्या वेळी, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. कुत्र्याचा स्वभाव कानाला हात लावल्यावर कळतो, याविषयी नाहीत.

शेठ हा तात्यांचा कुत्रा. वय झालेले, पोट सुटलेले, स्वभावाने इतका गरीब की दारात कुरिअरवाला आला की आधी उताणा पडायचा आणि भुंकायचे राहिले हे आठवून मग भुंकायचा. पण यंदा त्याचा उजवा कान आतून सुजला, आणि दवाखान्यात त्याला धरायला तीन माणसे, एक सतरंजी व एक मुसके एवढी सामग्री कमी पडली. (सतरंजी नंतर टाकून दिली. माणसे ठेवली.) डॉक्टरांनी स्वतःच्या बोटाला पट्टी गुंडाळत सांगितले, की महिनाअखेर कान आतून साफ करावाच लागेल. भूल द्यायची तर याचे हृदय कमजोर आहे, पुन्हा उठेलच असे सांगता येणार नाही. नाहीतर याला शांत बसायला शिकवा.

सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या तात्यांनी आयुष्यात फारशी कोणावर माया दाखवली नव्हती. शेठवर दाखवली होती, तीही दार लावून.

म्हणून कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाईंना पाचारण करण्यात आले. बाईंची पद्धत सोपी होती. खुर्चीवर टॉवेल अंथरायचा. शेठ आपणहून येऊन त्यावर हनुवटी टेकवील, तेव्हा त्याची संमती आहे असे समजायचे. मग कानाला हळूच बोट लावायचे आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा.

"त्याने हनुवटी उचलली की हात मागे," बाई म्हणाल्या. "धरायचं नाही, दटावायचं नाही, 'एवढं एकच' म्हणायचं नाही."

"आणि त्याने टेकवलीच नाही तर?"

"तर त्या दिवशी काम नाही."

अशी सवलत तात्यांनी आजवर फक्त वरिष्ठ अधिकाऱ्यांना मिळताना पाहिली होती. तरी त्यांनी पद्धत मनावर घेतली व तिला रीतसर कलमे पाडली. पैकी 'नकार आल्यास कारण विचारू नये' हे कलम त्यांना जड गेले. उभ्या हयातीत त्यांनी लोकांना असंख्य नकार दिले होते, सगळे सकारण. पण स्वतः नकार घेण्याचा अनुभव शून्य होता.

शेठ मात्र हुशार निघाला. टॉवेल दिसला की डुलत यायचा, हनुवटी टेकवायचा, आणि कानाच्या पाळीवर बोट फिरेपर्यंत निश्चल राहायचा. एके दिवशी तर त्याने डोळेही मिटले. इथेच घोटाळा झाला. कचेरीत सही झालेला कागद कधी उठून सही परत मागत नाही; तेव्हा संमती एकदा मिळाली म्हणजे ती पूर्ण कामाला लागू, असे तात्यांनी धरले. त्यांनी औषधाची बाटली उघडली. शेठने हनुवटी उचलली. तात्यांनी ती खाली दाबली आणि म्हणाले, "एवढं एकच."

परिणाम पुढीलप्रमाणे नोंदवण्यात आले. हनुवटी टेकवण्याचे प्रमाण : शून्य टक्के. सोफ्याखाली वास्तव्य : जेवणाची वेळ सोडून शंभर टक्के. तात्या आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तरी शेठ घर सोडायच्या बेताने दाराकडे धावू लागला. (टॉवेल बदलून पाहिला. उपयोग झाला नाही. आतला माणूस तोच होता.) महिनाअखेर जवळ येत होती, कानाचा वास खोलीभर पसरत होता, आणि तात्या रोज सोफ्यापुढे पालथे पडून अंधारातल्या दोन डोळ्यांची क्षमा मागत होते. अशी क्षमा त्यांनी दुसऱ्या कोणाची मागितल्याचे कोणाला आठवत नाही.

बाई पुन्हा आल्या. सोफ्याखाली डोकावून म्हणाल्या, की विद्यार्थ्यात काही दोष नाही, हातात आहे. आधी हाताला थांबायला शिकवा. एखाद्या माणसावर सराव करा.

घरात माणूस एकच होते. तात्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, पदराला हात पुसत बाहेर आली आणि टॉवेलवर हनुवटी टेकवून बसली. तात्यांनी कानाकडे बोट नेले. काकूंनी हनुवटी उचलली. तात्यांनी हात मागे घेतला. काकूंनी टेकवली. बोट पुढे गेले. काकूंनी उचलली. असे बराच वेळ चालले, तेव्हा तात्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं, मी अजून हातही लावला नाही. काही होतंय का तुला?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "थांबताय का, ते बघत होते."

कारण विचारू नये हे कलम तात्यांचेच होते. काकूंनी पुन्हा हनुवटी टेकवली आणि या वेळी बराच वेळ उचलली नाही; टॉवेलचा कोपरा तेवढा ओला झाला. तात्यांना फार वाईट वाटले. त्यांना काय करावे ते सुचेना, म्हणून त्यांनी बायकोला चिकनचा तुकडा दिला. त्या वासाने शेठ सोफ्याखालून नाकापुरता बाहेर आला.

महिनाअखेरीस शेठने दवाखान्याच्या टेबलावर हनुवटी टेकवली. मध्ये दोनदा उचलली. दोन्ही वेळा डॉक्टर थांबले, तात्या थांबले, सुया-चिमटे थांबले. आणि दोन्ही वेळा त्याने एक सुस्कारा टाकून ती पुन्हा खाली ठेवली. भूल न देता कान साफ झाला. तात्या दवाखान्यातच, दार उघडे असताना, रडले.

या यशाबद्दल सोसायटीच्या सभागृहात तात्यांचे व्याख्यान ठेवण्यात आले. विषय, 'संमती : एक कार्यपद्धती'. व्याख्यान वेळ संपल्यावरही चालू राहिले, कारण समोरच्या सर्व श्रोत्यांच्या माना खाली होत्या आणि तात्यांना विरोध कुठेच दिसला नाही. शेवटच्या रांगेत काकूंनी मात्र हनुवटी उचलली. तात्या वाक्य अर्धे टाकून खाली उतरले. पद्धत खरोखर शिकलेला त्या सभागृहात तो एकच माणूस होता.

वाचकहो, तुम्हीही मघापासून मान खाली घालूनच बसला आहात, आणि तुम्हाला कोणी काही विचारले नव्हते. आता ती उचलायला हरकत नाही. उचललीत की सहज घरात नजर फिरवा. मान खाली घालून कामाला लागलेले कोणीतरी दिसेल. त्याचे काही म्हणणे नाही, असे तुम्ही इतकी वर्षे धरून चालला आहात.